गडाच्या पायथ्याशी अंड्यांची न्याहारी : अंडी नेणे, टिकविणे व शिजविणे

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन तालुके भातशेतीसाठी जसे ओळखले जातात, तसेच ते डोंगर, घाट व किल्ले यांसाठीही ओळखले जातात. शहापूर तालुक्यात आसनगाव रेल्वे स्थानकाजवळ माहुलीचा गड आहे, तर डेहणे गावाजवळ आजोबाचा डोंगर उभा आहे. मुरबाड तालुक्यात देहरी गावावर गोरखगड व मच्छिंद्रगड हे जोडकिल्ले आहेत. त्याच तालुक्यात सिद्धगड आहे, वैशाखरे येथून चढणारा सातवाहनकालीन नाणेघाट आहे आणि टोकावड्यापुढे माळशेजचा घाट आहे. पावसाळा व हिवाळा या दोन्ही ऋतूंत मुंबई, ठाणे व कल्याण येथून हजारो माणसे येथे पदभ्रमणास येतात. कित्येक जण रात्री गावात किंवा गुहेत मुक्काम करतात.

या माणसांस पहाटे प्रथम हवी असते ती न्याहारी. ती लवकर तयार होणारी, पोटास आधार देणारी व चढणीस जड न होणारी असावी लागते. अशी न्याहारी म्हणजे अंडे होय. परसातील कोंबडीचे अंडे बाजारच्या व्यापाऱ्यास विकले असता जो पैसा मिळतो, त्याहून अधिक पैसा तेच अंडे आपल्या अंगणात शिजवून वाढल्यास मिळतो, हे माहुली व देहरी यांसारख्या पायथ्याच्या गावांतील अनेक कुटुंबांनी ओळखले आहे. मात्र अंडे हा नाशवंत पदार्थ आहे. ते कसे राखावे, कसे न्यावे व केव्हा शिजवावे याचे ज्ञान नसेल तर पाहुण्याची प्रकृती बिघडते आणि गावाचे नाव एका दिवसात खराब होते. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार येथे केला आहे. प्रत्यक्ष डोंगरावर जाणाऱ्या तरुणांनाही यातील माहिती उपयोगी पडेल.

प्रस्तुत लेखकाची चूक

आरंभीच स्वतःची एक चूक सांगणे उचित ठरेल. काही वर्षांपूर्वी चैत्र महिन्यात आम्ही सहा मित्र माहुलीवर गेलो होतो. शिदोरीची जबाबदारी माझ्याकडे होती. कृषिपदवीधर असूनही मी आदल्या रात्री वीस अंडी उकडली, ती नळाच्या पाण्यात थंड केली आणि प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून पाठपिशवीच्या तळाशी ठेवली. उकडलेले अंडे फुटत नाही व कच्च्यापेक्षा अधिक टिकते, अशी माझी समजूत होती. गडावर पोहोचून भर दुपारी आम्ही ती खाल्ली. पिशवी उघडताच वास आला होता, पण भुकेपुढे तिकडे दुर्लक्ष झाले. संध्याकाळी उतरत असतानाच दोघांना उलट्या सुरू झाल्या.

पायथ्याच्या एका घरी आम्हास आसरा मिळाला. त्या घरच्या मावशींनी मीठ घातलेली तांदळाची पेज दिली व सर्व हकिगत ऐकून विचारले, "साहेब, अंडी रातीच का उकडलीत? कच्ची आणायची होती. सकाळी इथं चुलीवर उकडून दिली असती."

मी म्हणालो, "मावशी, उकडलेली जास्त टिकतील असे वाटले."

"आमच्यात उकडलेलं अंडं कोणी दुपारपर्यंत ठेवीत नाही," त्या म्हणाल्या. "कच्ची मात्र तुसात घालून आठवडाभर राहतात."

दोष अंड्यांचाच होता हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले नाही. तरीही मावशींचे म्हणणे शास्त्रास धरून होते. त्याचे कारण समजून घेतले की पुढील सर्व सूचना आपोआप ध्यानात राहतील.

कच्चे अंडे का टिकते व उकडलेले का टिकत नाही

अंड्याच्या कवचास हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. कोंबडी अंडे घालते त्या वेळी कवचावर एक पातळ, ओलसर लेप असतो. तो लगेच वाळतो आणि ही छिद्रे बुजवितो. कवचाच्या आत दोन पातळ पडदे असतात. त्याच्याही आत जो पांढरा बलक असतो, त्यात जंतूंची वाढ रोखणारी लायसोझाइमसारखी द्रव्ये असतात. याप्रमाणे बाहेरचा लेप, कवच, पडदे व पांढरा बलक अशी चौपदरी राखण निसर्गाने अंड्याभोवती केलेली आहे. म्हणून न धुतलेले, न तडकलेले, कच्चे अंडे सावलीत काही दिवस चांगले राहते.

अंडे उकडले म्हणजे आतील जंतू मरतात हे खरे. परंतु त्याच वेळी कवचावरील लेप निघून जातो, पांढऱ्या बलकातील संरक्षक द्रव्ये उष्णतेने निकामी होतात आणि कवचास बारीक तडे जाण्याचा संभव असतो. पुढे हात, पाणी किंवा फडके यांच्यावाटे जे नवे जंतू येतात, त्यांना अडविणारे काहीच उरत नाही. त्यात उन्हाची ऊब व बंद पिशवीतील ओल यांची भर पडली की त्यांची वाढ झपाट्याने होते. शीतपेटीबाहेर उकडलेले अंडे दोन तासांत व कडक उन्हाळ्यात एका तासात खाऊन संपवावे. माहुलीची चढणच अडीच-तीन तासांची आहे. तेव्हा रात्री उकडलेली अंडी दुपारी गडावर खाणे सर्वस्वी चुकीचे होय.

आणखी एक गोष्ट. गरम अंडे एकदम थंड पाण्यात टाकले की आतील हवा आकुंचन पावते व छिद्रांतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाणी ओढ्याचे असेल तर ओढ्यातील घाणही आत जाते. म्हणून उकडलेली अंडी थंड करावयाची झाल्यास पिण्यायोग्य स्वच्छ पाणीच वापरावे किंवा ती वाऱ्यावर निवू द्यावीत.

काही तरुण घरूनच अंडी फोडून बाटलीत भरतात व गडावर त्यांचा पोळा करतात. यात फुटण्याची भीती राहत नाही, परंतु चौपदरी राखणीपैकी पहिले तीनही पदर आपल्याच हाताने काढून टाकले जातात. बर्फाची सोय नसेल तर आपल्याकडील हवेत ही रीत मुळीच अवलंबू नये.

अंड्यांची निवड

१. अंडे स्वच्छ खुराड्यातील असावे. खुराड्यात वाळलेला पेंढा अंथरावा आणि दिवसातून दोनदा अंडी गोळा करावीत. अंडे जितका वेळ उष्ण जागी राहील तितके ते लवकर उतरते.

२. विकण्यासाठी व शिजविण्यासाठी शक्यतो निर्बीज अंडी वापरावीत. कोंबड्यांच्या कळपात कोंबडा असेल तर अंडी सबीज निघतात. सुमारे २१ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्णतेत सबीज अंड्यातील गर्भ वाढू लागतो. आपल्याकडील उन्हाळ्यात घरातील हवा बहुधा याहून उष्णच असते. पिले काढावयाची नसतील तेव्हा कोंबडा वेगळा ठेवावा. निर्बीज अंड्यातून पिले निघत नाहीत, पण कोंबडीच्या अंडी घालण्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही आणि अन्न म्हणूनही ते कमी प्रतीचे नसते.

३. प्रत्येक अंड्यावर ते घातल्याची तारीख शिसपेन्सिलीने लिहावी. ही सवय लहान वाटते, पण तिच्यावाचून कोणते अंडे आधी वापरावे हे कळत नाही.

४. अंडी प्रकाशात पारखून घ्यावीत. अंधाऱ्या खोलीत विजेरीवर किंवा मोबाईलच्या दिव्यावर अंड्याचा रुंद भाग टेकवून पाहावे. बारीक तडा, रक्ताचा डाग किंवा गर्भाच्या लाल रेषा लगेच दिसतात. रुंद टोकाकडे हवेची पोकळी दिसते. अंडे शिळे होत जाते तशी आतील ओल उडून ही पोकळी मोठी होते.

५. पाण्याची परीक्षा फक्त शिजविण्यापूर्वी करावी. ताजे अंडे पाण्याच्या तळाशी आडवे बसते, जुने अंडे रुंद टोक वर करून तिरपे किंवा उभे राहते आणि अगदी जुने तरंगते. तरंगणारे अंडे टाकून द्यावे. साठवावयाच्या अंड्यांची अशी परीक्षा घेऊ नये, कारण ओलाव्याने वरचा लेप निघून जातो.

साठवण

साठवणीची अंडी धुवू नयेत. विष्ठा लागलेली असल्यास कोरड्या खरखरीत फडक्याने पुसावीत व ती प्रथम घरात वापरून टाकावीत. अंड्याचे निमुळते टोक खाली व रुंद टोक वर असावे. त्यामुळे हवेची पोकळी वर राहते व पिवळा बलक मध्यभागी राहतो.

खेड्यात शीतपेटी असतेच असे नाही. तिच्याऐवजी ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके चांगले काम देते. मडक्यात कोरडा पेंढा घालून त्यावर अंडी ठेवावीत, तोंडावर विरळ फडके बांधावे व बाहेरील वाळू ओली राखावी. बाष्पीभवनामुळे मडक्यातील हवा थंड राहते. पावसाळ्यात मात्र हवाच दमट असल्याने हा उपाय फारसा चालत नाही. त्या दिवसांत अंडी कोरड्या व वाऱ्याच्या जागी ठेवावीत, नाहीतर कवचावर बुरशी धरते. घातल्यानंतर काही तासांच्या आत अंड्यास खाण्याच्या तेलाचा पातळ हात फिरविल्यास छिद्रे बुजतात व अंडे अधिक टिकते.

निर्बीज अंडी उन्हाळ्यात पाच ते सात दिवसांत व इतर ऋतूंत दहा दिवसांत वापरावीत आणि सबीज अंडी दोन-तीन दिवसांतच संपवावीत, असा नियम प्रत्येक घराने स्वतःपुरता ठेवावा. शीतपेटीतील अंडी एकदम बाहेर काढून प्रवासास नेऊ नयेत. थंड कवचावर हवेतील बाष्पाचे थेंब जमतात व ओलीबरोबर जंतू आत शिरतात. एकदा थंड जागी ठेवलेली अंडी तेथूनच शिजवावयास घ्यावीत.

अंड्यांची नेआण

बाजारात कागदी लगद्याचे तीस अंडी मावणारे ट्रे मिळतात. मोटारसायकलीवर किंवा एसटीतून न्यावयाचे झाल्यास ते उत्तम. अंडी भरलेल्या ट्रेवर एक रिकामा ट्रे उलटा ठेवून दोन्ही दोरीने बांधावेत.

ट्रे नसेल तेथे आपली टोपली व भाताचे तूस यांहून चांगले साधन नाही. टोपलीच्या तळाशी दोन बोटे जाडीचा तुसाचा थर द्यावा. त्यावर अंडी निमुळते टोक खाली करून अशी रचावीत की एक अंडे दुसऱ्यास लागणार नाही. मधल्या जागेत तूस भरून वर पुन्हा थर द्यावा. याप्रमाणे तीन थरांपेक्षा अधिक थर रचू नयेत, कारण खालच्या अंड्यांवर भार येतो. तूस पूर्ण वाळलेले असावे.

डोंगरावर मुक्कामास जाणाऱ्याने पत्र्याचा किंवा स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्यावा व त्यात तुसाऐवजी कोरडे तांदूळ भरून त्यांत अंडी पुरावीत. डबा हलवला असता आवाज येऊ नये इतका तो भरलेला असावा. अंडी संपत जातात तसे तांदूळही शिजवून खाता येतात, त्यामुळे ओझे वाया जात नाही. तांदूळ शिजविण्यापूर्वी अर्थातच नीट धुवावेत. डब्यात एखादे अंडे फुटल्यास त्याला लागलेले तांदूळ टाकून द्यावेत. डबा पाठपिशवीत सर्वांत वर व पाठीच्या बाजूस ठेवावा, म्हणजे त्यावर भार येत नाही व ऊनही कमी लागते.

हा उपाय फक्त डोंगरवाटेचे पाहुणे व भटके यांच्याच कामाचा आहे असे नाही. पौष पौर्णिमेस म्हसा येथे जी मोठी यात्रा भरते, तेथे बैलांच्या बाजारासाठी शेतकरी कुटुंबे कित्येक दिवस तळ देऊन राहतात. वीटभट्टीच्या कामासाठी घरदार सोडून जाणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांनाही प्रवासात अंडे मिळावे, यासाठी तांदळाचा डबा हा बिनखर्चाचा उपाय होय.

न्याहारीचे चार प्रकार

पन्नास ग्रॅम वजनाच्या एका अंड्यात सहा ते सात ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. देशी कोंबडीचे अंडे आकाराने लहान असल्याने त्यातून थोडी कमी मिळतात. अंड्यात क जीवनसत्त्व मात्र नसते. म्हणून प्रत्येक ताटलीत लिंबाची फोड, टोमॅटो किंवा हिरवी मिरची अवश्य असावी. पुढील प्रमाण चार माणसांचे आहे.

उकडलेली अंडी : आठ अंडी पातेल्यात एका थरात ठेवून बुडतील इतके पाणी व चिमूटभर मीठ घालावे. पाण्यास उकळी आल्यावर मंद आचेवर दहा ते बारा मिनिटे ठेवावे. मीठ घातल्याने एखादे अंडे तडकले तरी पांढरा बलक लगेच गोठून फट बुजते. फार वेळ उकडल्यास पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडे दिसते. ते बलकातील लोह व पांढऱ्या भागातील गंधक यांच्या संयोगाने होते. ते अपायकारक नाही, परंतु अंडे चिवट होते. अगदी आजच्या अंड्याचे कवच नीट सुटत नाही. उकडण्यासाठी चार-पाच दिवसांचे अंडे घ्यावे. उंचीप्रमाणे पाणी कमी उष्णतेस उकळते. माहुलीची उंची सुमारे २८०० फूट असल्याने तेथे ते सुमारे ९७ अंशांवर उकळेल. इतक्या उंचीवर एक-दोन मिनिटे अधिक द्यावीत.

शेवग्याच्या पाल्याची भुर्जी : दोन चमचे तेलात दोन कांदे व दोन हिरव्या मिरच्या चिरून परताव्यात. नंतर हळद, एक टोमॅटो व मूठभर शेवग्याचा कोवळा पाला घालावा. पाला मऊ झाला की सहा अंडी फोडून घालावीत व ओलसर चकाकी जाईपर्यंत हलवत राहावे. ही भुर्जी नाचणीच्या किंवा तांदळाच्या भाकरीबरोबर द्यावी. शहरातील पाहुण्यास पाव रोज मिळतो, नाचणीची भाकरी मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

अंडी व नाचणीचे धिरडे : एक वाटी नाचणीच्या पिठात तीन अंडी, चिरलेला कांदा, मीठ व लागेल तेवढे पाणी घालून सरबरीत पीठ करावे व तव्यावर दोन्ही बाजू खरपूस होईपर्यंत भाजावे. अंडी थोडी व माणसे अधिक असतील तेव्हा हा प्रकार फार सोयीचा आहे.

अंडेभात : फोडणीत कांदा व मिरची परतून त्यात चार अंडी घालून हलवावीत व ती गोळा झाल्यावर चार वाट्या मोकळा भात घालून वाफ आणावी. भात त्याच सकाळी शिजविलेला असावा. उष्ण हवेत रात्रभर उघडा राहिलेला भातही उलट्या-जुलाबास कारण होतो व तो पुन्हा परतल्याने हा दोष जात नाही.

या सर्व प्रकारांत पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजविणे आवश्यक आहे. साल्मोनेला नावाचा जंतू वरून चांगल्या दिसणाऱ्या अंड्यातही असू शकतो. अंडे आतपर्यंत सत्तर अंशांहून अधिक तापले म्हणजे तो मरतो. पाहुण्याने अर्धकच्चे अंडे मागितले तरी नम्रपणे नकार द्यावा. अंडे फोडल्यावर हात साबणाने धुवावेत आणि कच्च्या अंड्याचे भांडे न घासता त्यात शिजलेला पदार्थ काढू नये.

न्याहारी कोठे द्यावी

माहुलीचा परिसर तानसा अभयारण्यात येतो. तेथे वनात आग पेटविणे हा गुन्हा आहे आणि वाळलेल्या गवताच्या दिवसांत तो मोठ्या अनर्थासही कारण होतो. म्हणून माहुलीसारख्या ठिकाणी अंडी गडावर नेऊच नयेत. चढण सुरू होण्यापूर्वी पायथ्याशी गरम न्याहारी द्यावी व उतरल्यावर दुसरी द्यावी. वर नेण्यासाठी भाकरी, कांदा, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ व काकडी बांधून द्यावी. गोरखगड किंवा नाणेघाट येथील गुहेत मुक्काम करणाऱ्यांस मात्र तांदळाच्या डब्यातून कच्ची अंडी न्यावयास हरकत नाही. तेथेही स्टोव्हवर, मोकळ्या खडकावरच शिजवावे व टरफले परत आणावीत. ही टरफले वाळवून व बारीक कुटून कोंबड्यांच्या खाद्यात घातल्यास चुन्याचा पुरवठा होतो. ती घालण्यापूर्वी चांगली भाजून घ्यावीत.

हिशेब व घरची मुले

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. देशी कोंबडी वर्षाला सुमारे ५० ते ६० अंडी देते. म्हणजे दहा कोंबड्या असलेल्या घरी आठवड्यास सरासरी दहा अंडी मिळतात. पाहुणे येऊ लागले की ही सर्व अंडी विकण्याचा मोह होतो. परंतु त्या घरी दोन लहान मुले असतील तर काय?

शासनाने २०१५ साली आदिवासी क्षेत्रासाठी सुरू केलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत अंड्यास स्थान दिले, ते बालकांच्या व मातांच्या वाढीसाठी व पोषणासाठीच होय. आपल्या परसातील अंडे रविवारच्या पाहुण्याने खावे व आपल्या मुलाने ते फक्त पाहावे, असा जोडधंदा कोणत्याही कार्यकर्त्याने सुचवू नये. म्हणून हिशेब पुढीलप्रमाणे मांडावा. दहा अंड्यांतून दोन मुलांची आठवड्याची प्रत्येकी तीन, म्हणजे सहा अंडी आधी वेगळी काढावीत. उरली चार. अशी सहा घरे एकत्र आली तर चोवीस अंडी होतात. प्रत्येक ताटलीस दोन अंडी धरल्यास बारा ताटल्या झाल्या. प्रथम बाराच ताटल्यांनी आरंभ करावा. तीस माणसांची मागणी आली म्हणून मुलांच्या वाट्यास हात लावू नये. नाचणीचे धिरडे केल्यास तीच अंडी अधिक माणसांस पुरतात.

व्यवसाय वाढवावयाचा असेल तर कोंबड्या सुधाराव्यात. वनराजा, गिरिराज, ग्रामप्रिया यांसारख्या परसातील पालनास योग्य जाती देशी कोंबडीपेक्षा बरीच अधिक अंडी देतात. पिलांविषयी तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. त्यांस रात्री सुरक्षित खुराडे, पुरेसे खाद्य व राणीखेत रोगाची लस वेळच्या वेळी मिळाली पाहिजे.

फुटतुटीचाही हिशेब ठेवावा. तीस अंड्यांत तीन फुटली तर दहावा भाग गेला. बाजारभाव रोज बदलतो, पण हा दहावा भाग कोणत्याही भावात तोटाच असतो. टोपलीत दोन मुठी तूस अधिक घालणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

रोगाविषयी दक्षता

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे कोंबड्या अचानक मरू लागल्या व तपासणीत बर्ड फ्लूचे निदान झाले. रोगाचा फैलाव होऊ नये म्हणून आसपासच्या एक किलोमीटर परिघातील सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करण्याचा निर्णय प्रशासनास घ्यावा लागला. एका ठिकाणची मरतुक सबंध परिसराचा प्रश्न कसा होतो, हे त्यावरून दिसून आले. कोंबड्या एकाएकी मरू लागल्यास मेलेला पक्षी ओढ्यात किंवा रानात टाकू नये, उघड्या हाताने धरू नये व विकू तर मुळीच नये. तत्काळ जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे आणि त्यांची सूचना मिळेपर्यंत त्या घरची अंडी वापरू किंवा विकू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

१. पायथ्याच्या गावातील पाच-सहा घरांचा, शक्यतो महिला बचत गटाचा, एक संघ करावा.

२. हंगामापूर्वी एक दिवस प्रात्यक्षिक ठेवावे. पाण्याची परीक्षा, प्रकाशात पारख व तुसाची टोपली या तीन गोष्टी भाषणाने नव्हे, करून दाखवाव्यात. एका अंड्यास तेल लावून व एकास धुवून आठवडाभर शेजारी ठेवावे आणि मग दोन्ही फोडून दाखवावीत. पाहणाऱ्यांस वेगळे काही सांगावे लागत नाही.

३. न्याहारी विकणाऱ्या घरांची अन्न व औषध प्रशासनाकडे नियमाप्रमाणे नोंदणी करून द्यावी, पिण्याच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी व भाव फलकावर लिहावयास सांगावे.

४. प्रत्येक घरी एक वही द्यावी. तीत मिळालेली, मुलांनी खाल्लेली, विकलेली व फुटलेली अंडी अशी चार सदरे असावीत. कार्यकर्त्याने भेटीस गेल्यावर दुसरे सदर प्रथम पाहावे.

ज्या घरी आम्हास पेज मिळाली, तेथे पुढील हिवाळ्यात मी पुन्हा गेलो होतो. ओटीवर तुसाची टोपली होती, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घातलेली होती आणि चुलीवर भाकरी चालू होती. तारखा घालण्याचे काम मावशींची चौथीतील नात करीत असे. त्या मोबदल्यात रोजचे पहिले अंडे तिचे, असे घरात ठरले होते. गडाच्या पायथ्याशी अंड्यांची न्याहारी विकणाऱ्या प्रत्येक घरी असाच प्रघात पडावा, एवढीच अपेक्षा आहे.